पॅनोरमा स्पर्धा: आकाशात पट्टे, तारा तुटलेल्या, धुरा पोट काढून. कुठं चुकतंय?

पऱ्हाटी_फुलली

तालुक्याच्या कॅमेरा क्लबची पॅनोरमा स्पर्धा डिसेंबरच्या शेवटी आहे. विषय ‘आपलं शिवार’. नियम असे: किमान तीन फ्रेमा जोडलेला फोटो, प्रिंट ३६ × १२ इंच, फोटोत नसलेलं काही घालायचं नाही, असलेलं काढायचं नाही, आणि मागितल्या तर मूळ रॉ फाइली (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न करता साठवलेल्या) दाखवायच्या.

मला हवा असलेला फोटो: वेचणीला आलेली पऱ्हाटी (कपाशी), तिच्यात उभी बंडी (बैलगाडी), मागं टेकडी. टेकडी साधारण एक किलोमीटरवर, साठेक मीटर उंच. वावराच्या कडेनं विजेची लाइन गेली आहे, जवळचा खांब सहा मीटरवर येतो. समोर आडवा धुरा (बांध), तोही साधारण तेवढ्याच अंतरावर.

साहित्य: २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा (सेन्सर २३.५ × १५.६ मि.मी.), १८-५५ लेन्स, हँडलवाल्या साध्या हेडचा ट्रायपॉड, ८ जीबी रॅमचा लॅपटॉप, फोटो जोडायचं हगिन सॉफ्टवेअर.

चाचणीचे फोटो कॅमेरा आडवा धरून, १८ मि.मी.वर, सात फ्रेमांत १८०° असे घेतले. अपर्चर प्रायॉरिटी मोड (शटर कॅमेराच ठरवतो), एफ/३.५, ऑटो व्हाइट बॅलन्स, आकाश गडद यावं म्हणून पोलरायझर फिल्टर. जोडल्यावर आकाशात गडद-फिके पट्टे दिसतात, तारा दोन-तीन ठिकाणी तुटून वरखाली झाल्यात, धुरा मधोमध फुगलाय, क्षितिज नागमोडी आलंय, आणि टेकडी इतकी बारीक झालीय की आहे की नाही ते कळत नाही. यातलं काय शूट करताना सुधारायचं आणि काय सॉफ्टवेअरमध्ये?

तीनपाई

ताई, यातलं जवळजवळ सगळं वावरातच सुधारतं. हगिन चांगलं आहे, पण फ्रेमा घेताना झालेली चूक ते फक्त झाकतं.

सुरुवात टेकडीपासून करतो, कारण बाकीचे निर्णय तिथूनच ठरतात. १८०° कशासाठी? ३६ × १२ म्हणजे ३:१. एका ओळीत फ्रेमा घेतल्या की हे गुणोत्तर आणि लेन्सची लांबी मिळून किती अंश पट्टीत बसणार ते ठरतं, आपल्या मनावर राहत नाही. कॅमेरा उभा धरला आणि कापाकापीला थोडी जागा सोडली, तर दंडगोल प्रोजेक्शनमध्ये (फ्रेमा नळकांड्यावर गुंडाळून उलगडल्यासारख्या) ३:१ ची पट्टी अशी निघते: १८ मि.मी.ला सुमारे १९०°, २४ ला सुमारे १४५°, ३५ ला सुमारे १००°.

आता टेकडीचं गणित. एक किलोमीटरवरची ६० मीटर उंच टेकडी १८ मि.मी.च्या पट्टीत १२ इंचांपैकी जेमतेम पाऊण इंच येते. ३५ मि.मी.ला सव्वा इंच. आपल्याकडच्या सपाट मुलखात हा अर्धा इंच फार मोठा आहे. पॅनोरमा म्हणजे जितकं दिसतं तितकं सगळं कोंबायचं, ही समजूतच बहुतेक प्रवेशिका पाडते. परीक्षकासमोर तीन फुटी पट्टी येते, तिच्यात निम्मं रिकामं आभाळ आणि निम्मी काळी माती असली तर नजर कुठंच थांबत नाही. १०० अंशांत बंडी, टेकडी आणि एका टोकाला एखादं बाभळीचं झाड बसत असेल तर तेवढंच घ्या.

म्हणजे: लेन्स ३५ मि.मी.वर, कॅमेरा उभा. एका फ्रेमची रुंदी २५° येते. दर १५° ला एक फ्रेम, म्हणजे ४० टक्के ओव्हरलॅप. १०० अंशांना सहा फ्रेमा पुरतात. दोन्ही टोकांना एकेक जास्तीची घ्या, आठ झाल्या. जोडून सुमारे १५,८०० × ५,२०० पिक्सेल मिळतात. ३६ × १२ इंचाला ३०० डीपीआयनं १०,८०० × ३,६०० लागतात, म्हणजे भरपूर झालं. ३५ ला आणखी एक फायदा: या जातीच्या किट लेन्सा १८ ला सरळ रेषा बऱ्याच फुगवतात, ३५ च्या आसपास तो दोष कमी असतो. आणि झूमची रिंग एकदा लावली की तिच्यावर कागदी चिकटपट्टी मारा. उभ्या धरलेल्या कॅमेऱ्यात ती नकळत सरकते.

आकाशातले पट्टे. तुमच्या फोटोत त्याची तीन कारणं एकत्र आली असणार, आणि प्रत्येकाची खूण वेगळी. जोडाजोडाला एकसारखी खवल्यासारखी गडद कमान दिसत असेल तर ती लेन्सच्या कोपऱ्यांची काळिमा, एफ/३.५ वर ती सगळ्यात जास्त, एफ/८ वर बरीचशी जाते. एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमला पायरीसारखा उजेड किंवा रंग बदलत असेल तर तो अपर्चर प्रायॉरिटी आणि ऑटो व्हाइट बॅलन्सचा प्रताप. आणि आभाळात एकच रुंद गडद पट्टा असेल तर तो पोलरायझरचा. आकाशाचं ध्रुवीकरण सूर्यापासून ९०° वर सर्वांत जास्त असतं. डिसेंबरात सूर्य आग्नेयेकडून उगवतो, त्यामुळं सकाळी हा पट्टा एकीकडं ईशान्य-उत्तरेला आणि दुसरीकडं नैर्ऋत्य-दक्षिणेला येतो. हा पट्टा कुठलंच सॉफ्टवेअर नीट पुसत नाही. पोलरायझर काढून पिशवीत ठेवा.

मोड मॅन्युअल. एफ/८, आयएसओ १०० किंवा २००, शटर १/१२५ च्या खाली नको. वाऱ्यावर पऱ्हाटीची पानं हलतात. एक्सपोजर सर्वांत उजळ फ्रेमवर ठरवायचं. इथं नुसतं आभाळ बघून चालणार नाही, उन्हातली फुटलेली बोंडंही बघा. पांढरा कापूस जळाला तर रॉमध्येही परत येत नाही. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला टेकू देऊ नका. व्हाइट बॅलन्स ‘ऊन’ या खुणेवर कायम. फोकस मॅन्युअल: ३५ मि.मी., एफ/८ ला ७.७ मीटरवर लावला की साधारण ३.९ मीटरपासून टेकडीपर्यंत सगळं स्पष्ट येतं. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं कंपनरोधक बटण बंद.

आता तारा. त्या तुटतात कारण कॅमेरा ट्रायपॉडच्या बोल्टभोवती फिरतोय. फिरायला हवा तो लेन्सच्या प्रवेश-छिद्राभोवती, म्हणजे समोरून लेन्समध्ये डोकावल्यावर जे छिद्र दिसतं त्याच्या जागेभोवती. लोक त्याला नोडल पॉइंट म्हणतात. समजा तो बोल्टच्या ७ से.मी. पुढं आहे. मग दर १५° ला तो १८ मि.मी. बाजूला सरकतो. ३५ मि.मी.वर याचा परिणाम असा होतो: २ मीटरवरची वस्तू दूरच्या टेकडीच्या तुलनेत ८२ पिक्सेल हलते, तुमचा ६ मीटरवरचा खांब २७ पिक्सेल, २० मीटरवरची वस्तू ८, आणि १०० मीटरवरची दीड-दोन. दीड-दोन पिक्सेल हगिन पचवतं. सत्तावीस पचत नाहीत, मग ते तार तोडून मोकळं होतं.

यावर दोन उपाय आहेत. एक, जवळचं काही चौकटीत घेऊच नका. ५० मीटरच्या आत काही नसेल तर वेगळं काही लागत नाही. दुसरा, नोडल पट्टी, म्हणजे कॅमेरा बोल्टच्या मागं सरकवून बसवायची पट्टी.

पट्टी तालुक्याच्या फॅब्रिकेशनच्या दुकानात होते. २५ मि.मी. रुंद, ६ मि.मी. जाड, २० से.मी. लांब ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यात मधून १२ से.मी.ची खाच. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या अँगलचा एल आकाराचा तुकडा, म्हणजे कॅमेरा उभा बसेल. हा एल महत्त्वाचा आहे. हँडलवालं हेड नुसतं आडवं पाडून कॅमेरा उभा केला तर लेन्स फिरण्याच्या अक्षापासून बरीच बाजूला जाते आणि चूक कमी व्हायच्या ऐवजी वाढते. कॅमेऱ्याच्या बुडापासून लेन्सच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा, ४ से.मी.च्या आसपास निघेल. एलचा उभा हात अक्षापासून तितकाच बाजूला हवा. तपासायला समोर ओळंबा धरून बघा: लेन्सचा मध्य आणि ट्रायपॉडची मधली दांडी एका दोऱ्यात आली पाहिजे.

बोल्ट पाव इंची, इंचाला २० आटे असलेला. दुकानात हाताशी ६ मि.मी.चा बोल्ट असतो, तो लावू देऊ नका. आटे जुळत नाहीत आणि कॅमेऱ्यातले आटे खराब होतात. कॅमेऱ्यात साडेचार-पाच मि.मी.पेक्षा जास्त आत जाईल असा लांब बोल्टही नको.

बिंदू शोधायची रीत: एक मीटरवर ओळंब्याचा दोरा टांगा, त्याच्या मागं दूरचा खांब एका रेषेत आणा. कॅमेरा डावीकडं फिरवून दोरा चौकटीच्या उजव्या कडेला आणा, मग उलट. पडदा मोठा करून बघा. कॅमेरा डावीकडं फिरवल्यावर खांब दोऱ्याच्या मागून डोकावत असेल तर पट्टी मागं-पुढं सरकवून पुन्हा बघा. एका दिशेला सरकवल्यावर चूक वाढली तर दुसऱ्या दिशेला जायचं. दोन्ही टोकांना दोरा आणि खांब चिकटून राहिले की पट्टीवर खूण करा आणि शेजारी ‘३५’ लिहा. झूम बदलला की बिंदू बदलतो, म्हणून दुसऱ्या लांबीला ही खूण चालत नाही.

अंश मोजायला: १० से.मी. व्यासाची प्लायची चकती, तिच्या कडेवर दर १३.१ मि.मी.ला रेघ. घेर ३१४ मि.मी., म्हणजे २४ रेघा, प्रत्येक १५° ची.

वर्धाकाठ

वरचं सगळं पटतं. ट्रायपॉड आणि जमीन याबद्दल भर घालतो, कारण आपल्या काळ्या मातीत तिथंच फसगत होते.

भारी जमिनीत वरचा पापुद्रा कोरडा दिसतो, पण ओलिताच्या वावरात खाली मऊच असते. तुम्ही पायाजवळ वजन बदललं की ट्रायपॉडचा एक पाय दोन-चार मिलिमीटर बसतो, आणि तेही पाचव्या-सहाव्या फ्रेमला. तिन्ही पायांखाली शहाबादी फरशीचे वीतभर तुकडे किंवा जाड फळ्या ठेवा. दाबून बसवा, मगच लेव्हल करा. भेगाळलेल्या जमिनीत पाय भेगेच्या कडेवर नको. फिरवताना पायांभोवती चालू नका. एका जागी उभं राहून हातानं फिरवा.

लेव्हल कॅमेऱ्याची नाही, फिरणाऱ्या बैठकीची करायची. गवंड्याची छोटी पाणसळ बैठकीवर ठेवा आणि ०, १२० आणि २४० अंशांना बुडबुडा बघा. तिन्हीकडं मधोमध असेल तरच अक्ष ओळंब्यात. हेडवरच्या बुडबुड्यावर जाऊ नका, तो एकाच दिशेला खरा असतो. अक्ष एक अंशानं कलला तर ३५ मि.मी.वर क्षितिज १५० पिक्सेलांच्या आसपास वर किंवा खाली जातं. सॉफ्टवेअर ते सरळ करतं, पण तितकी पट्टी कापली जाते.

बंडीबद्दल. बैलांसकट बंडी पाच मीटर धरा. ३५ मि.मी.च्या उभ्या फ्रेममध्ये २५° मावतात. बंडी १० मीटरवर असेल तर २८° होते, म्हणजे एका फ्रेममध्ये बसत नाही आणि बैलाची मान जोडावर येते. १५ मीटरवर ती १९° होते. तेव्हा बंडी १५ मीटर किंवा पुढंच उभी करा, आणि चकतीची शून्याची रेघ बंडीच्या मध्यावर लावा, म्हणजे एक फ्रेम पूर्ण तिचीच. बैल शेपूट हलवतो, कान हलवतो, म्हणून त्या एका जागी चार-पाच फ्रेमा घ्या. बाकी फ्रेमा एकेक, डावीकडून उजवीकडं, सगळं मिळून अर्ध्या मिनिटात. सूर्योदयानंतरच्या पहिल्या तासात उजेड झपाट्यानं बदलतो. दोन मिनिटं लावली तर मॅन्युअल मोड असूनही शेवटची फ्रेम पहिलीपेक्षा उजळ येते. पहिल्या फ्रेमच्या आधी आणि शेवटच्या नंतर लेन्ससमोर हात धरून एकेक फोटो घ्या, म्हणजे घरी फेऱ्या वेगळ्या करायला सोपं. चार-पाच फेऱ्या तरी करा.

सकाळी धुई असेल तर पहिल्या अर्ध्या तासात टेकडी दिसणारच नाही. धुई विरताना टेकडीचा फक्त माथा वर येतो ती दहा-पंधरा मिनिटं या फोटोसाठी सोन्यासारखी आहेत. पण नंतर थंडीतून कॅमेरा एकदम घरातल्या उबेत काढला तर लेन्सवर दव धरतं. घरात नेल्यावर अर्धा तास बंद पिशवीतच ठेवा, मग काढा.

पऱ्हाटी_फुलली

खूप आभार. तीन शंका आहेत. धुऱ्याच्या फुगवट्याचं काय करायचं? तो चौकटीत हवाच आहे, त्यावर तुरीची ओळ आहे. हगिनमध्ये बंडीच्या चार फ्रेमांतून एक निवडली तर ‘असलेलं काढायचं नाही’ हा नियम मोडतो का? आणि लॅपटॉप मोठ्या फाइलला अडकतो, त्यावर काही?

तीनपाई

धुरा. दंडगोल प्रोजेक्शनमध्ये उभ्या रेषा सरळ राहतात, क्षितिज सरळ राहतं, पण समोरून आडवी जाणारी सरळ रेषा वाकते. हा दोष नाही, भूमिती आहे: मध्यभागी धुरा तुमच्याजवळ असतो, टोकांकडं तोच दूर जातो. कॅमेरा दीड मीटर उंचीवर आणि धुरा ६ मीटरवर असेल तर १०० अंशांच्या १२ इंची प्रिंटमध्ये त्याचा मध्य टोकांपेक्षा पावणेदोन इंच खाली येतो. तोच धुरा २० मीटरवर असेल तर फक्त अर्धा इंच, आणि तुरीच्या ओळीत तो डोळ्याला खटकत नाही. म्हणून मागं सरा. बंडी धुऱ्याच्या पलीकडं असल्यानं तिचंही अंतर आपोआप वाढेल. ती लहान वाटू लागली तर थोडी पुढं, धुऱ्याजवळ आणा, पण १५ मीटरची अट सांभाळून.

मागं सरायला जागा नसेल तर धुऱ्यासमोर आडवं उभं राहू नका. दोन धुरे मिळतात त्या कोपऱ्यावर उभं राहा, म्हणजे ते तुमच्यापासून दोन बाजूंना दूर पळतात आणि फुगवटा राहत नाही. पांदणीलाही हेच: पांदणीच्या मधोमध उभं राहून दोन्ही टोकं घेतली की ती केळ्यासारखी दिसते.

सरळ-रेषा प्रोजेक्शन, ज्याला हगिन रेक्टिलिनियर म्हणतं, त्यात धुरा सरळ येतो, पण १०० अंशांना कडेच्या वस्तू आडव्या दिशेनं जवळजवळ अडीचपट ताणल्या जातात. बाभूळ झुडपासारखी पसरते. ८०-९० अंशांपर्यंत ते चालेल. मधला मार्ग म्हणजे पानिनी प्रोजेक्शन. त्याचे सरकते आकडे थोडेथोडे हलवून बघा, पण कडेचं झाड जाड व्हायला लागलं की थांबा.

रॉ_ते_टिफ

हगिनचा क्रम सांगतो.

आधी रॉ. एक फ्रेम, शक्यतो बंडीची, नीट डेव्हलप करा आणि तेच आकडे सगळ्या फ्रेमांना लावा. कुठंही ‘ऑटो’ दाबायचं नाही. लेन्सच्या कोपऱ्यांची दुरुस्ती इथंच सगळ्या फ्रेमांना करा. १६ बिट टिफ काढा.

हगिनमध्ये आठ फ्रेमा (बंडीची एकच, सर्वांत चांगली) घाला. लांबी ३५, क्रॉप फॅक्टर १.५. कंट्रोल पॉइंट, म्हणजे शेजारच्या दोन फ्रेमांत दिसणाऱ्या एकाच जागेच्या खुणा, शोधायला सांगा. शोधून झाले की यादी अंतरानुसार लावा आणि ढगांवरचे, पऱ्हाटीच्या हलत्या पानांवरचे पॉइंट हातानं काढून टाका, आकडा कितीही चांगला दिसो. हलणाऱ्या वस्तूवरचा पॉइंट नेमका जुळला तरी तो खोटाच असतो. उरलेल्यांत ३ पिक्सेलच्या वरचे उडवा. खांबावर, टेकडीच्या कडेवर, लांबच्या घरांवर प्रत्येक जोडीला दहा-पंधरा पॉइंट राहिले तरी पुरेत. पुन्हा ऑप्टिमाइझ करा. सरासरी एक पिक्सेलच्या आत आली की काम झालं. तारेवर स्वतः दोन-तीन पॉइंट द्या. सॉफ्टवेअरला बारीक तार आपणहून सापडत नाही.

नागमोडी क्षितिजाला उपाय: उभ्या रेषेचे कंट्रोल पॉइंट. एकाच फ्रेममध्ये एका उभ्या कडेवर वर एक आणि खाली एक असा जोड द्यायचा. पट्टीभर पसरलेल्या किमान तीन जागा निवडा. पण विजेचे खांब निवडू नका. काळ्या मातीत ते कललेले असतात, आणि कललेल्या खांबाला ओळंब्यात मानलं की सगळं शिवार तिरकं होतं. पाण्याची टाकी, घराचा कोपरा, देवळाची भिंत चालेल. काहीच नसेल तर सरळ करायचं बटण दाबून क्षितिजाच्या दोन्ही टोकांची उंची डोळ्यानं जुळवा.

लॅपटॉपसाठी: हगिन सुचवतं तो मोठा कॅनव्हास घेऊ नका. प्रिंटला १०,८०० पिक्सेल रुंदी लागते, तेव्हा कापल्यानंतर १२,००० उरेल इतकाच कॅनव्हास ठेवा. रुंदी पाऊणपट केली की पिक्सेल जवळपास निम्मे होतात. जोडताना ब्राउजर बंद, आणि डिस्कवर दहा-पंधरा जीबी मोकळी ठेवा.

नियमाबद्दल. एकाच जागेवरून घेतलेल्या चार खऱ्या फ्रेमांतून एक अख्खी निवडणं ही निवड आहे, पुसणं नाही. तीन फ्रेमांतलं एकही पिक्सेल त्यात येत नाही. पण मास्क लावून दोन फ्रेमांच्या ओव्हरलॅपमधून माणूस नाहीसा केला, तर ते असलेलं काढणंच झालं. याच्या मधलं काही करायचं असेल तर आयोजकांना आधी लेखी विचारा. आणि एक सावधगिरी: लाइटरूम वापरणाऱ्यांनी ‘कडा भरा’ हा पर्याय बंद ठेवावा. जोडल्यावर कडांना राहिलेले रिकामे कोपरे तो बनवलेल्या चित्रानं भरतो, म्हणजे कॅमेऱ्यानं न पाहिलेली माती आणि आभाळ. रॉ फाइली मागितल्या की हे उघडं पडतं. कोपरे कापा, टोकांना एकेक जास्तीची फ्रेम घ्यायला वर सांगितलंय ते यासाठीच.

सातपुड्याकडून

पट्टी आणि ट्रायपॉड नसणाऱ्यांसाठी: दोरा आणि नट. लेन्सच्या पुढच्या टोकाला रबर लावून त्यात दोरा बांधा, दोऱ्याला खाली जड नट. जमिनीवर एक खडा ठेवा. नट खड्याच्या बरोबर वर, बोटभर उंच राहील असा दोरा ठेवायचा, आणि प्रत्येक फ्रेमला नट खड्यावर असल्याची खात्री करून मगच बटण दाबायचं. आपण खड्याभोवती फिरायचं, कॅमेरा आपल्याभोवती नाही. हातात धरून नेहमीसारखं फिरलं तर लेन्स शरीराच्या अक्षापासून ३० से.मी. तरी लांब असते, दर १५° ला ती ७-८ से.मी. सरकते, आणि १०० मीटरवरच्या झाडालाही ७ पिक्सेलांची चूक येते. दोऱ्यानं ती एक-दोन सेंटिमीटरवर येते.

मोबाइललाही हेच. फोनमधला सरकता पॅनोरमा मोड स्पर्धेला नको, त्यात जोड कुठं गेला ते हातात राहत नाही. मुख्य कॅमेरा, फोन उभा, प्रो मोडमध्ये शटर, आयएसओ, व्हाइट बॅलन्स आणि फोकस बांधून टाका. उभ्या फोनची रुंदी सुमारे ५०° असते, तेव्हा दर २५-३०° ला फ्रेम घ्या. दोरा फोनच्या मध्याखाली नको, लेन्सच्या बरोबर खाली बांधा. फोनची लेन्स कोपऱ्यात असते.

खारपाणपट्टा

याच धाग्यात विचारतो. आमच्या क्लबला तोच ३६ × १२ चा नियम आहे आणि मला लोणार घ्यायचं आहे, काठावरून पूर्ण विवर. ३५ मि.मी. चालेल का?

तीनपाई

नाही, तिथं गणित उलटं आहे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खोली दीडशे मीटरच्या आसपास, पाण्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर. तुम्ही वर्तुळाच्या कडेवर उभे, म्हणजे पूर्ण विवर जवळजवळ १८०° भरतं. पाण्याची अलीकडची कड साधारण ३०० मीटर पुढं आणि दीडशे मीटर खाली, म्हणजे क्षितिजाच्या २६-२७° खाली. ३५ मि.मी. उभी लेन्स सपाट धरली तर खाली १८° च बघते, पाण्याचा अलीकडचा भाग कापलाच जाणार. २४ ची मजल २६° पर्यंत, अगदी काठावर. १८ मि.मी. उभी, सपाट, ३३° खाली बघते, ती घ्या. कॅमेरा खाली झुकवून फिरवू नका, नाहीतर जोडलेली पट्टी धनुष्यासारखी होते आणि कापल्यावर काहीच उरत नाही.

आता अडचण गुणोत्तराची. क्षितिजाखाली ३१° पासून क्षितिजावर ६° पर्यंत घेतलं तर १८०° ची पट्टी जवळपास साडेचारास एक निघते. ती ३:१ करायची म्हणजे वर आभाळ वाढवायचं, आणि ते चौकटीच्या चाळीस टक्क्यांवर जातं. आभाळात ढग असतील तर ते चांगलंच दिसेल. पावसाळ्याच्या शेवटी, सप्टेंबरात जा. कोरडं पांढरं आभाळ असेल तर १८०° चा हट्ट सोडा आणि १२०° घ्या. त्यात ३:१ आभाळाशिवाय बसतं, पाणी पूर्ण येतं आणि समोरची भिंत ठसठशीत दिसते. उन्हाळ्यात सकाळी नऊनंतर जाऊ नका, पलीकडची भिंत झळांत थरथरते आणि दूरचे कंट्रोल पॉइंट जुळत नाहीत. ते अभयारण्य आहे, तेव्हा ड्रोन परवानगीशिवाय नको.

काठावर जवळ झुडूप नसेल तर नोडल पट्टी लागत नाही. असेल तर लागते.

छापखाना

प्रिंटबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. १२ × ३६ हा लग्नाच्या अल्बमच्या उघडलेल्या पानाचा माप आहे, त्यामुळं जिल्ह्याच्या कुठल्याही अल्बम लॅबमध्ये ही शीट रोज निघते. मोठ्या शहरातून वेगळी मागवायची गरज नाही. पण लॅबला चार गोष्टी लिहून द्या: सुटी शीट हवी, मधे घडीची रेघ पाडायची नाही, रंगदुरुस्ती करायची नाही, वर टेक्स्चरचं लॅमिनेशन नको. मधली घडी लॅब सवयीनं पाडते आणि ती बरोबर बंडीवर येते.

फाइल १०,८०० × ३,६०० पिक्सेल, एसआरजीबी, जेपीईजी सर्वांत वरच्या दर्जाची. कडेनं पाव इंच कटाईत जाऊ शकतं, म्हणून काही महत्त्वाचं कडेला चिकटवू नका. शार्पनिंग शेवटी, या मापाला आणल्यावरच. आधी केलं तर पऱ्हाटीच्या पानांना पांढरी किनार येते. पूर्ण शीटच्या आधी टेकडी, आभाळाचा जोड आणि कापसाची बोंडं यांचे तीन तुकडे एका छोट्या कागदावर त्याच मापात छापून बघा. पडद्यावर न दिसलेला आभाळातला पट्टा कागदावर दिसतो.

मॅट कागद घ्या, चकचकीत कागदावर लांब पट्टीत ट्यूबलाइटची रेघ पडते. माउंटिंग ५ मि.मी. सनबोर्डवर. चिकटवल्यावर एक रात्र सपाट फरशीवर वजनाखाली ठेवा. एस.टी.नं किंवा मोटारसायकलवर न्यायचा असेल तर माउंट न करता गुंडाळीत न्या, छापील बाजू बाहेर ठेवून, आणि तिथं चिकटवा.

पऱ्हाटी_फुलली

समजलं. जागा मोजून पाहिली: धुऱ्यापासून २२ मीटर मागं सरता येतं, तिथून विजेचा जवळचा खांब १९ मीटरवर येतो. या अंतराला नोडल पट्टी लागेल का, की तशीच चालेल?

तीनपाई

१९ मीटरला चूक ८-९ पिक्सेल. झाडाझुडपात लपली असती, तारेत लपणार नाही. पट्टी करून घ्या.